बाद चादरीची चिंधी

२ मे

अंगठा लावा म्हणे! मला!

कंपनीचा माणूस सकाळीच आला. खुर्चीत ऐसपैस बसला, चहा प्यायला, बशीत सांडलेलाही सोडला नाही, आणि मग पिशवीतून कागद काढला. "इथं अंगठा लावा बाई, म्हणजे मिटलं प्रकरण." मी उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, अंगठा तुमच्या रोलरनं घेतला, शेजारची दोन बोटंही घेतली. जा, त्यालाच विचारा लावतो का! मेल्याचं तोंड पांढरंफटक. दुहेरी ब्लीच केल्यासारखं.

आमच्या ह्यांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. 'रजेवर जाण्यापूर्वी कामगाराने स्वतःच मशीनची दांडी बांधून ठेवली होती. सबब झालेल्या इजेस कामगार स्वतः जबाबदार. तरी माणुसकीच्या नात्याने कंपनी काही मदत...'

माणुसकी! एकोणीस वर्षं त्या लाँड्रीत हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी इस्त्री केल्या. भरपाई माझ्या हक्काची. ती मदत म्हणून पदरात घेऊ? आणि वर चूक माझीच म्हणून लिहून देऊ? का तर कंपनीला सोपं जातं!

कागद फाडणार होते. डाव्या हाताला अजून नीट फाडता येत नाही. चुरगाळला.

३ मे

हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईंनी ही वही दिली त्याला महिना झाला. "रोज एक पान, डाव्या हातानं. काहीही लिहा." मी चौथी पास. नापास खरं तर, वहीशी काय खोटं बोलायचं. महिनाभर काय लिहिलं? क क क क. काल रागाच्या भरात अख्खं पान झालं! बाईंना सांगायला हवं — रबरी चेंडू दाबायला कशाला देता, रोज कंपनीचा माणूस पाठवा.

म्हणे डाव्या हातचा मळ. म्हणणाऱ्याला आणा माझ्यासमोर. आधी 'ळ' काढून दाखव म्हणावं.

४ मे

आज केसांचा तमाशा. आमचे हे न्हावी. तीस वर्षं गावभरची डोकी करतात, पण बायकोची वेणी येईना! "बाई माणसाचे केस संपतच नाहीत गं," म्हणाले. तीन पेड घेतले, दोन हरवले. शेवटी असा काही गोळा बांधला की मानेवर कांदा ठेवल्यासारखं वाटत होतं. आरशात बघितलं आणि दोघं इतकं हसलो की शेजारीण दारात आली. तिला वाटलं रडतोय.

"पैसे?" म्हणाले हे. म्हटलं उधार लिहा.

६ मे

कामगार भरपाईच्या कचेरीत गेले. एकटी. हे म्हणत होते येतो, म्हटलं दुकान बघा, माझं तोंड शाबूत आहे.

टेबलामागे एक चष्मेवाला. पोरसवदाच. "या मावशी, बसा मावशी, काय झालं मावशी?" मी म्हटलं, मावशी कुणाची? मी अर्जदार. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. अर्जदार, बसा." तेव्हापासून तसंच म्हणतो. पोरगा चांगला आहे.

सगळं सांगितलं. रोलर म्हणजे घागरीपेक्षा जाड, तापलेला, फिरता. एकीकडून मी ओली चादर घालायची, पलीकडून स्टार्चनं कोरडी ओढून घ्यायची. (तिला सगळ्या स्टार्चच म्हणतात. अंगानं सुतळी पण अशी ताठ!) रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी असते. हाताचा धक्का लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण जाड शिवणीचा धक्का लागला तरी थांबतं. मग उशीर होतो. म्हणून ती दांडी चिंधीनं वर बांधून टाकतात. बांधली की थांबत नाही. काहीच थांबत नाही.

दहा ते पंधरा मार्च मी रजेवर होते, लेकीच्या बाळंतपणाला. सोळाला सकाळी कामावर आले. पहिल्याच तासात चादरीची घडी आत ओढली गेली, मी सोडवायला गेले, आणि —

चष्मेवाला म्हणाला, "कंपनी म्हणते नऊ तारखेला, रजेवर जाताना, तुम्हीच बांधली. तुम्ही म्हणता नाही. पुरावा काय?"

आता 'बांधली नाही' याचा पुरावा कुठून आणायचा? जे केलंच नाही ते दाखवू कसं? बायका सगळ्या सांगतील की सोळाला बांधलेली होती. कुणी बांधली ते कुणी पाहिलं नाही.

"काहीतरी वस्तू," म्हणाला. "हाताला लागेल असं."

माझ्या हाताला! जीभ चावली बिचाऱ्यानं. मला हसू आलं. म्हटलं चालू द्या.

७ मे

खरं लिहायची वही आहे तर लिहिते. त्या दिवशी दांडी बांधलेली मला दिसली होती. बोलले नाही. कधीच कुणी बोलत नाही. एकोणीस वर्षांत मीही दहादा बांधली असेल, घाई असली की. पण ती गाठ माझी नव्हती. दहा वेळची चूक माझी, मान्य. अकरावी माझ्या माथी कशाला?

आणि एक. तासाला तीनशे चादरी निघाल्याच पाहिजेत म्हणून ओरडत फिरणारी मी नाही. तो आमचा मुकादम. त्याला आम्ही ताशीतीनशेच म्हणतो. मनगटावर एक घड्याळ, भिंतीवर एक, आणि तिसरं तोंडात.

८ मे

चिंधी! अगं बाई, ती चिंधी!

हात अडकला तेव्हा स्टार्चनं मशीन बंद केलं, दांडीवरची चिंधी हिसकून काढली आणि माझं मनगट करकचून आवळलं. डॉक्टर म्हणाले होते, त्यानंच रक्त थांबलं. म्हणजे चिंधी माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली. तिथून कपड्यांच्या पिशवीत. पिशवी स्टार्चनं घरी नेली होती. चिंधी कसली आहे, कुठली आहे — काहीतरी कळेल!

उद्या जाते.

९ मे

धुतली.

भवानीनं धुतली! तीनदा! "रक्तानं कडक झाली होती गं, तशीच ठेवू?" आधी गार पाण्यात भिजत घातली, मग सोडा, मग ब्लीच. वर इस्त्री. वर चार पदरी घडी! जगात दुसऱ्या कुणी पुरावा असा घडी घालून ठेवला नसता. धुणाऱ्या बायकांनाच सुचायचं. डाग दिसला की हात वळवळतात.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तीही बोलली. "तुझा जीव वाचवला तेव्हा नाही विचारलंस, साबण कुठला वापरू!" मी तशीच उठून आले. चिंधी बघितलीसुद्धा नाही.

१० मे

बोलत नाही मी तिच्याशी.

११ मे

अजून नाही. यांनी भात करपवला, त्यांच्याशीही नाही.

१२ मे

आधी हसून घेते, मग लिहिते.

दुपारी दारात स्टार्च. चप्पलसुद्धा काढली नाही. "आत येत नाही. तुझ्या घरात पाणी पिणार नाही. फक्त हे बघ." आणि चार पदरी घडी उलगडली. दोन बोटं रुंद, हातभर लांब, दुधासारखी शुभ्र चिंधी. एक टोक फाटलेलं. आणि दुसऱ्या टोकाला काळाकुट्ट अर्धा शिक्का! 'बाद' मधला 'द'. खाली स्पष्ट — १२ मार्च.

मी बघतच राहिले.

आमच्याकडे चादर फाटली, विटली की मुकादम तिच्यावर 'बाद' असा शिक्का मारतो, खाली तारीख. मग ती त्याच्या कपाटात कुलूपबंद, किल्ली त्याच्या कमरेला. का? तर पूर्वी बायका फडक्याला घरी न्यायच्या, ते त्याला खुपायचं! आणि ती शाई लाँड्रीची. धुऊन जाऊ नये म्हणूनच केलेली!

चादर बारा मार्चला बाद झाली. मग तिची चिंधी मी नऊला बांधीन कशी? बाराला मी लेकीच्या उशाशी होते, नातीला जन्मून दोन दिवस झाले होते, हे सगळ्या दवाखान्याला माहीत!

स्टार्च म्हणाली, "तीनदा धुतली गं मी. सगळं गेलं. मुकादम गेला नाही."

मग आत आली. पाणी प्यायली, चहा प्यायली, राहिलेला भातही खाल्ला. करपलेला होता म्हणून बोलली. बोलू दे. घरभर हसत होतो. हे दुकानातून अर्धी दाढी टाकून धावत आले. गिऱ्हाईक फेसासकट मागोमाग, बघायला! त्यालाही चिंधी दाखवली. "वा," म्हणाला, "काय स्वच्छ आहे."

१४ मे

चष्मेवाल्यानं चिंधी पाकिटात घातली, मला पावती दिली. पावतीवर सही मी केली. डाव्या हातानं. चार अक्षरांना इतका वेळ लागला की मागची रांग खाकरायला लागली. खाकरा! पाळी माझी आहे आज.

"अर्जदार," म्हणाला, "मी आठ वर्षं इथं आहे. इस्त्री केलेला पुरावा पहिल्यांदा आला."

पण म्हणाला एक भोक उरतं. ही तीच चिंधी कशावरून? कंपनी म्हणेल नंतर कुठून तरी आणली.

हिरमुसले थोडी. मग आठवलं. एक टोक फाटलेलं आहे ना? स्टार्चनं हिसकली तेव्हा गाठ सुटली नव्हती, चिंधी तुटली होती. गाठ कुठे असेल मग?

१५ मे

स्टार्चला विचारलं. ती शपथेवर म्हणते, गाठ अजून दांडीवरच आहे. माझ्या जागी नवी बाई घातली, नवी चिंधी बांधली, पण जुन्या गाठीच्या वरच! कुणाला सोडवायला वेळ आहे? तासाला तीनशे!

चष्मेवाल्याला सांगून आले. तपासणीचे साहेब पाठवतो म्हणाला. आधी कळवणार नाही.

तिकडे गाठ कुणी काढू नये म्हणजे मिळवली. स्टार्चला बजावलं, आता त्या दांडीजवळची एकही वस्तू धुवायची नाही!

१९ मे

लेक आली, नातीला घेऊन! मी आठ दिवस घाबरून होते ते इथेच लिहिते, कुणाला सांगितलं नाही. घेता येईल का, पकडता येईल का, घाबरून रडली तर. लेकीनं विचारलंसुद्धा नाही — "धर गं आई, मला केस विंचरायचेत," आणि टाकली मांडीवर. पोरीनं इकडेतिकडे बघितलं, उजव्या हाताची राहिलेली करंगळी दिसली, ती धरली आणि तोंडात घातली. झालं! तिला काय हिशेब. हाताची पाची बोटं सारखी नसतात म्हणतात. माझी तर पाचही नाहीत, आणि तिला एकच पुरलं.

लेकीचे केसही यांनी विंचरले. आता दोन पेड राहतात हातात. प्रगती आहे.

२२ मे

तपासणीचे साहेब आज अचानक गेले! स्टार्च सांगत होती. सरळ चार नंबरच्या मशीनपाशी. माझ्या. वरची चिंधी सोडवली, खाली जुनी गाठ. त्यातून बोटभर तुटकं टोक लोंबत होतं, मळकं, तपकिरी. साहेबांनी गाठीसकट कापून पाकिटात घातलं. मग बाकीची मशीनं बघितली. नऊच्या नऊ दांड्या बांधलेल्या. नऊच्या नऊ मशीनं बंद करवली तिथल्या तिथे.

"इतकं शांत झालं गं," स्टार्च म्हणाली, "की एकमेकींचं बोलणं ऐकू आलं. पहिल्यांदा. ती सहा नंबरवाली इतकी घुसमटल्यासारखी खोकते ते आजच कळलं."

२६ मे

उद्या सुनावणी. कपडे काढून ठेवले. काय बोलायचं ते यांच्यासमोर म्हणून बघितलं. हे साहेब झाले, उशी मालक झाली. उशीला पार गप्प केलं मी.

२७ मे

दमले, पण लिहिणार.

निकाल देणाऱ्या मोठ्या बाई समोर. एका बाजूला मी, हे, स्टार्च. दुसऱ्या बाजूला कंपनीचा तो बशी चाटणारा आणि शेजारी ताशीतीनशे. मनगटावर घड्याळ नव्हतं. मला तेच आधी दिसलं. ओका हात दिसत होता.

मोठ्या बाईंनी विचारलं, "बाद चादरींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?"

तो ताठ झाला. "फक्त माझ्याकडे. सुताचा धागा बाहेर जात नाही."

"आणि हा शिक्का?" टेबलावर दोन तुकडे ठेवले. एक धुतलेला, एक मळका. बाईंनी जवळ सरकवले. फाटलेली कड कडेला अशी बसली, जणू शिवण उसवून परत घातली. एक शुभ्र, एक काळपट — अर्ध्या आंघोळीतून उठून आल्यासारखी चिंधी! मागे कुणीतरी फिसकन हसलं. स्टार्चच असणार.

बशी चाटणारा त्याच्या कानाशी लागला. मुकादमानं मान बाजूला घेतली. मग खाली बघून म्हणाला, "मी बांधली. बारा तारखेला. सगळ्या मशीनच्या मीच बांधतो."

"कशासाठी?"

"दांडी मोकळी असली की तासाला दोनशे वीस निघतात. मला तीनशे द्यायच्या असतात."

"कुणाला?"

त्यानं शेजारच्याकडे नुसतं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी मनात किती वेळा त्याला फाडून खाल्लं होतं. आज बोलायची पाळी आली तर एवढंच बोलले — मीही बांधलीय पूर्वी, त्या दिवशी नाही. चूक माझी नव्हती असं लिहून पाहिजे. मोठ्या बाई म्हणाल्या, "मिळेल." लेखी निकाल सात जूनला.

बाहेर पायरीवर ताशीतीनशे उभा होता. म्हणाला, "घरी दोन लेकी आहेत." मी म्हटलं, मलाही आहे एक, आणि तिला आता एक. मग हात दुखतो का म्हणाला. पाऊण वर्ष झाल्यासारखं वाटतं, दोन महिनेच झालेत, पहिल्यांदा विचारलं कुणी त्या इमारतीतल्यानं. म्हटलं, नाहीत ती बोटं खाजतात. हसावं की नाही त्याला कळेना. हसला शेवटी.

७ जून

मिळाली! पूर्ण भरपाई! आणि ओळ आहे, मी तीनदा वाचली, यांनी दोनदा, चष्मेवाल्यानं मोठ्यानं एकदा — 'सदर अपघातास कामगार जबाबदार नाही.'

चष्मेवाला उभा राहिला. "अर्जदार," म्हणाला, "अभिनंदन." म्हटलं, आता मावशी म्हटलंस तरी चालेल. "नको," म्हणाला, "सवय झाली."

घरी येताना यांनी मला दुकानात नेलं. खुर्चीत बसवलं, पाठीवर कापड टाकलं, गिऱ्हाइकांना बाहेर बसवलं, आणि सरळ, तीन पेडी, घट्ट वेणी घातली. लपून शिकत होते! दुकानाच्या खुंटीला सुतळीचे तीन पेड बांधून रोज दुपारी!

तेव्हा मात्र रडले. शेजारीण आली नाही नेमकी.

१० जून

स्टार्च सांगते, लाँड्रीत मशीनं सुरू करायला परवानगी आली, पण बायका हात न लावता उभ्याच. ताशीतीनशेला काढलं, नवा मुकादम आणतो म्हणाले तर सहा नंबरवाली खोकत खोकत म्हणाली, "आणा, पण तो गाठ कशी बांधतो ते आधी बघू." मालक स्वतः खाली उतरला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांचं एकच — "आधी तिला विचारा."

काय विचारायचं मला? मी म्हटलं, वेड्या आहात.

१२ जून

मालकाची चिठ्ठी आली त्याचं हे उत्तर. आधी इथे लिहिते, उद्या कोऱ्या कागदावर.

'मालक,
मुकादमाची जागा देतो म्हणालात. घेते. पण नऊ दांड्या मोकळ्या राहतील. तासाला दोनशे वीस, एकही जास्त मागायची नाही. जुन्या मुकादमाला काढलंत असं ऐकलं. परत घ्या आणि माझ्या हाताखाली द्या. इतकी वर्षं गाठी त्यानं मारल्या, आता त्याच सोडवेल.
शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर पाहिजे. लेखी. खाली सही करा. अंगठा चालणार नाही.'